रेघेच्या दिशेनं

आधी नीट बघ, मिताली. फडक्याला हात नको लावूस.
पडदा सार, आणि इथे माझ्या बाजूला वाकून उभी राहा.
आता दिसते? फ्रिजच्या दारावर बारीक रेघ,
उभी, केसासारखी, वरून थेट खालपर्यंत.
स्टीलला ही रेघ कारखान्यातच पडते.
हात तिच्या वाटेनं चालला पाहिजे.
गोल गोल घासलंस तर डाग जाईल
आणि तुझा राग दारावर राहील,
सकाळच्या उन्हात वर्षभर दिसेल.

काथ्या नको. राख नको.
डिचोलीला विहिरीवर आम्ही टोप घासायचो
तसलं काही इथे नको.
आणि ती निळी बाटली, संडासातली, तिकडेच ठेव.
तुझ्या आधीच्या मुलीनं ती चिमणीवर ओतली,
स्टीलला देवी आल्यासारखे खड्डे पडले,
पगारातून पंधराशे गेले.

कोमट पाणी, साबणाचा एक थेंब,
लगेच कोरडं फडकं. पाण्याला सुकू द्यायचं नाही,
बोअरचं आहे, सुकताना पांढरं तोंड दाखवतं.
आसगावात समुद्र दिसत नाही, पण येतो,
रात्री खिडकीच्या फटीतून येतो
आणि डिशवॉशरच्या कडेला तांबूस ठिपका ठेवून जातो.
त्याला व्हिनेगर, निम्म्या पाण्यात.
शेवटी खोबरेल. केसांना लावतेस तेवढं नव्हे गं,
नखाएवढं. फडक्याला लाव, दाराला नाही,
आणि दिसेनासं होईस्तोवर ओढत राहा.
त्यावर बोट टिकत नाही, निसटतं.

पाहुणे शुक्रवारी येतात, सोमवारी जातात.
त्यांची तोंडं मला माहीत नाहीत, हात माहीत आहेत.
हे कमरेखालचे पाच गोळे: लहान मूल, आईस्क्रीम.
हा ओव्हनवरचा अंगठा आमसुलाचा,
कोणी सोलकढी करायला घेतली आणि अर्ध्यात सोडली.
ही मायक्रोवेव्हवर चार बोटं, एकाच हाताची,
पुन्हा पुन्हा त्याच जागी.
कोणी तरी रात्रीचं उठून इथे टेकत होतं.
का, ते आपण विचारायचं नाही.

गेल्या महिन्यात सोसायटीत तांदळाला गेले
तर यंत्र माझा अंगठा घेईना.
उजवा, डावा, मग तर्जनी, मग मधलं.
दुकानातला उल्हास म्हणाला, मावशी, हात धुऊन या.
धुतले. पदराला पुसले. केसांवरून फिरवले,
जरा तेल लागेल म्हणून.
दिवा लालच.
रांगेत मागून कोणी म्हणालं,
सत्यवती आता चोरी करायला मोकळी!
मीसुद्धा हसले.
बावीस वर्षं झाली. आधी म्हापशाचं हॉटेल, मग असले बंगले.
स्टीलची रेघ मी रोज बघितली,
माझ्या हाताची दिशा कोणी बघितली नव्हती, मीही नाही.

शेवटी डोळा लावून घेतला. डोळ्याला पटकन ओळखलं.
डोळ्यांना अजून कोणी घासायला लावलेलं नाही.
मिळाले तांदूळ. थोडे किडके होते.

मालकीण पुण्याहून व्हिडिओ कॉल करते.
मी फोन दारासमोर धरते, वर-खाली फिरवते.
वा, सत्यवती, म्हणते, एक ठसा नाही.
तिला काय सांगणार.

तू मोजे घाल. खालच्या खणात आहेत, नवे.

आता जवळ ये. दारावर तोंडाची वाफ सोड. हं.
बघ, उरलंसुरलं सगळं वर येतं.
त्या कोपऱ्यात कोणी उंच माणूस
अजून हात टेकून उभा आहे, त्याला पूस.
आणि हा? हा तुझा. आत्ता वाकताना टेकवलास.
किती भरलेला आहे गं. चक्र आहे तुझ्या अंगठ्यात.
राहू दे जरा, गाडीचा हॉर्न ऐकू आला की पुसू.
नको, आत्ताच पूस, मागाहून विसरशील.

आणि दार लावताना कोपर.
कोपर वापर.